शेगडी कुणाच्या हातात?



आमच्या इथे चंदनसारला मंडळाची सामायिक आटोपली की दहा-पंधरा मिनिटं गप्पा होतात. गेल्या महिन्यात त्या गप्पा तासभर लांबल्या आणि आवाजही जरा चढले. विषय होता आपल्याच समाजातल्या एका सुनेचा. वय चौतीस. नाव लिहीत नाही, कारण तिच्या घरात अजून काही ठरलेलं नाही. तिला सोन्याचं दुकान काढायचं आहे. पुढे दागिन्यांचं शोरूम, मागे काचेच्या भिंतीआड कारखाना, आणि त्या कारखान्यात शेगडीपाशी बसून दागिना घडवणार ती स्वतः.

घरच्यांचा दुकानाला विरोध नाही, हे आधी सांगते. सासरे म्हणाले, "दुकान काढ, भांडवलाला मी आहे. पण माल बाहेरून घडवून आण. सराफी आपल्यात पिढ्यान्‌पिढ्या आहे, सोनारकी नाही." सासूबाईंचंही तेच. नवरा अधेमधे. आणि आमच्या मंडळातल्या निम्म्या बायका सासऱ्यांच्या बाजूच्या.

ती काही हौस म्हणून शिकलेली नाही. लग्नाच्या आधीपासून अकरा वर्षं तिने अंधेरीच्या सीप्झमध्ये एका दागिन्यांच्या कारखान्यात काम केलं. सीप्झ 1973 मध्ये सुरू झालं ते इलेक्ट्रॉनिक वस्तूंसाठी. दागिन्यांचे कारखाने तिथे नंतर आले. आपल्या विरार-नालासोपाऱ्याहून किती मुली सकाळची लोकल पकडून तिकडे जातात, ते बायकांच्या डब्यात उभं राहिलं की कळतं. ती आधी मेणाचे नमुने करायची, मग कानस चालवायला शिकली, मग खडे बसवायला, मग डाग लावायला. तिथून निघताना रोज अंगाची तपासणी व्हायची, आणि हात धुतलेलं पाणीसुद्धा गाळून त्यातला सोन्याचा कण काढून घ्यायचे, असं ती सांगते. मी तिला म्हटलं, आपण पाणी गाळतो ते जिवांसाठी, आणि ते गाळतात सोन्यासाठी! ती हसली, पण मला मात्र ते हसणं पुरलं नाही. मी त्यावर विचार करत राहिले.

मंडळात जे आक्षेप निघाले त्यातला सगळ्यात वजनदार आधी घेते, कारण तो टाळून पुढे जाणं खरं होणार नाही. एक ज्येष्ठ मावशी म्हणाल्या, "अगं, आपण रोज प्रतिक्रमणात पंधरा कर्मादानं म्हणतो. त्यात पहिलंच नाव अंगारकर्माचं, इंगालकम्मे. भट्टी पेटवून पोट भरायचं नाही. ते म्हणून दुसऱ्या दिवशी शेगडी कशी पेटवायची?"

मावशींचं बरोबर आहे. सातव्या व्रताच्या अतिचारांत श्रावकाने टाळायचे हे पंधरा धंदे आहेत. बाराव्या शतकात हेमचंद्राचार्यांनी योगशास्त्रात अंगारकर्माचा खुलासा केला, त्यात कोळसा पाडणारे, कुंभार, लोहार, विटा भाजणारे यांच्या जोडीला सोनारकीही मोजली आहे. तेउकायाची विराधना, उजेडाला येऊन पडणारे जीव, हे सगळं त्यामागे आहे. आपल्यात सराफ इतके आणि सोनार जवळजवळ नाहीत, त्यामागे इतरही कारणं असतील, पण हे एक कारण नक्कीच आहे.

तेव्हा 'यात पाप नाही' असं मी म्हणत नाही. मला विचारायचंय ते वेगळं. ही शेगडी तिने पेटवली नाही, तर ती विझते का?

आपल्या समाजाच्या सराफी पेढ्या बघा. बारामतीचे चंदुकाका सराफ 1827 पासूनचे. जळगावचे राजमल लखीचंद 1854 पासूनचे. आपल्याला या पेढ्यांचा अभिमान आहे आणि असावाही. लग्नाच्या याद्या करताना आपण त्यांची नावं घेतो. पण पेढीवर जो दागिना मखमलीवर ठेवतात, तो मखमलीवर उगवत नाही. कुठेतरी कुणीतरी मूस तापवली, सवागी टाकली, फुंकणी किंवा गॅसची नळी धरली, तेजाबात दागिना उजळला. ते काम झवेरी बाजाराच्या मागच्या गल्ल्यांत, माळ्यावरच्या लहान खोल्यांत होतं. तिथले बरेच कारागीर बंगालमधून आलेले, घरापासून दूर, जिथे काम करतात तिथेच रात्री पथारी टाकणारे. पूर्वी डाग लावायला सर्रास कॅडमियम वापरायचे. 'केडीएम' म्हणून आपण कौतुकाने घ्यायचो ते हेच. त्याचा धूर फुप्फुसाला किती वाईट, हे घालणारीला कधी कळलं नाही. जाळणाऱ्याला कळलं.

म्हणजे शेगडी आहेच. फक्त आपण ती दुसऱ्याच्या घरात ठेवली आणि आपल्या घरात पचक्खाण ठेवलं.

इथे एक जाणकार मैत्रीण म्हणेल, "सातवं व्रत एक करण तीन योगाने असतं. 'मी करणार नाही' एवढंच त्यात आहे, 'करवणार नाही' असं नाही." खरं आहे. आपल्या आचार्यांनी संसारी माणसाची मर्यादा ओळखून तेवढीच सूट ठेवली. पण मी हिशेबाची विद्यार्थिनी. सूट मिळाली म्हणजे देणं संपलं असं होत नाही, ते वहीच्या दुसऱ्या पानावर असतंच. करणं, करवणं आणि अनुमोदणं ही तीन करणं आपल्याला लहानपणी पाठशाळेत शिकवली ती कशाला? पचक्खाण एकाचं घेतलं म्हणून उरलेल्या दोन्हींचा बंध पडत नाही, असं कुठेही सांगितलेलं नाही. तोळ्यावर तोळे ऑर्डर देणारी मी, आणि शेगडी पेटवणारा तो बंगाली मुलगा. यात मी अहिंसक आणि तो अंगारकर्मी, हे मला आता पटत नाही.

आणखी एक गोष्ट. अक्षय तृतीयेला आपण वर्षीतपाचं पारणं करतो, श्रेयांसकुमाराने आदिनाथ प्रभूंना उसाचा रस वहोरवला त्याची आठवण म्हणून. बाकीचं जग त्या दिवशी सोन्याच्या दुकानात रांग लावतं. पण त्याच ऋषभदेवांनी संसारात असताना लोकांना काय दिलं ते आठवा. कल्पवृक्ष आटले, लोक उपाशी राहू लागले, तेव्हा त्यांनी शिल्पं शिकवली. मूळची पाच, कुंभाराचं, लोहाराचं, चिताऱ्याचं, विणकराचं आणि नाभिकाचं. पहिली दोन तर विस्तवाचीच. आणि मुलींना काय दिलं? ब्राह्मीला लिपी, सुंदरीला गणित. हात आणि डोकं वापरून जगायला पहिल्या तीर्थंकरांनी शिकवलं, आणि मुलींना वगळलं नाही. कर्मादान टाळायला सांगणारी परंपरा आणि शिल्प शिकवणारी परंपरा एकच आहे. दोन्ही एकत्र धरायच्या तर मला त्याचा अर्थ असा लागतो: काम करावं लागलं तर डोळे उघडे ठेवून, कमीत कमी हिंसेने, मर्यादा बांधून करावं. यालाच आपण जतना म्हणतो. नजरेआड केलेल्या हिंसेत जतना करायला जागाच नसते.

सोनाराची गोष्ट निघाली की मला मेतार्य मुनी आठवतात. श्रेणिक राजासाठी सोनार सोन्याचे जव घडवत होता. मुनी गोचरीला आले म्हणून तो आत गेला, तेवढ्यात क्रौंच पक्ष्याने ते जव गिळले. सोनाराचा संशय मुनींवर. मुनींना सगळं दिसलं होतं, पण बोलले तर पक्षी मारला जाईल म्हणून ते गप्प राहिले. सोनाराने त्यांच्या डोक्याला ओली वादी आवळली आणि उन्हात उभं केलं. मुनींनी प्राण दिले, पक्ष्याचं नाव सांगितलं नाही. आपण ही गोष्ट मुनींच्या करुणेसाठी सांगतो, ते योग्यच. पण तिचा शेवट सहसा घाईत उरकतो. जव परत सापडले, सोनार हादरला, आणि त्याने दीक्षा घेतली. त्या गोष्टीत सोनाराचं पाप त्याची शेगडी नव्हती. भीती, घाई आणि न बघता घेतलेला संशय, हे त्याचं पाप होतं.

संशयावरून माझी स्वतःची एक गोष्ट सांगते. 1994 साली नणंदेच्या लग्नाला सासूबाईंच्या जुन्या पाटल्या मोडून नव्या बांगड्या करायच्या ठरल्या. मी आणि सासूबाई एका दुकानात गेलो. पाटल्या वजनाला बरोबर 60 ग्रॅम भरल्या. घडवल्या तेव्हा 22 कॅरेटच्या म्हणून घेतलेल्या. दुकानाच्या माणसाने त्या आत नेल्या, आटवून लगड आणली. 58.4 ग्रॅम. टंच सांगितला 82. मी मनात हिशेब केला. 60 ग्रॅम 22 कॅरेट म्हणजे 91.6 टक्क्यांनी सुमारे 55 ग्रॅम शुद्ध सोनं. 58.4 ला 82 टक्क्यांनी 47.9. सात ग्रॅम गेले कुठे? मी म्हटलं, "आटवताना आम्हाला बघता आलं असतं तर बरं होतं." तो म्हणाला, "ताई, आत भट्टीजवळ बायका येत नाहीत."

सासूबाईंनी माझा हात दाबला. आम्ही गप्प बसलो.

आता इतक्या वर्षांनी मी न्यायाने बोलते. तो माणूस खरा असेलही. जुन्या दागिन्यात डाग भरपूर असायचा, हॉलमार्क तेव्हा नव्हता, आणि मुळात घडवणाऱ्यानेच कस कमी ठेवला असेल. सात ग्रॅम कदाचित त्या पाटल्यांत कधी नव्हतेच. पण हे कळायला मार्ग नव्हता, हेच दुखणं आहे. सासूबाईंनी आयुष्यभर स्वतःचं म्हणावं असं जे होतं, ते दाराआड गेलं आणि एका आकड्याच्या रूपाने बाहेर आलं. तो आकडा मान्य करण्यावाचून आमच्या हातात काही नव्हतं. सासूबाई जाईपर्यंत त्या विषयावर एक शब्द बोलल्या नाहीत.

सोनं हे आपल्या पिढीतल्या बहुतेक बायकांचं एकमेव खातं होतं. घर नवऱ्याच्या नावावर, दुकान सासऱ्यांच्या, बँकेत सही दुसऱ्याची. 1956 च्या हिंदू वारसा कायद्याच्या कलम 14 ने बाईच्या मालमत्तेवर तिचा पूर्ण हक्क मानला. तो कायदा आपल्या जैनांनाही लागू आहे. 1985 मध्ये प्रतिभा राणी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की स्त्रीधन हे बाईचंच, ते सासरच्यांकडे फक्त ठेवायला दिलेलं असतं. कायदा आपल्या बाजूने आला. पण आपलंच सोनं वितळताना बघायची परवानगी कुठल्या कायद्याने द्यायची? ती मिळते ती भट्टीजवळ कोण बसलंय यावरून.

म्हणून मला तिच्या नकाशातली ती काचेची भिंत फार महत्त्वाची वाटते. गिऱ्हाईक बाई बाहेर खुर्चीवर बसेल, आणि तिच्यासमोर तिची पाटली मुशीत जाईल. वितळण्याआधी वजन, वितळल्यावर वजन, टंच समोर. काही विचारायचं असेल तर विचारेल. आत बसलेली बाईच असेल तर संकोच कसला? कानातलं मोडायला आलेली सून 'घरी सांगू नका' म्हणते, तेव्हा तिला खालीवर न बघणारी कुणीतरी तिथे असेल. हे काम नुसतं शोरूम करू शकत नाही. पुढे दिवे आणि मागे बाहेरचा माल असं दुकान आपल्याकडे कमी आहे का? सासरे जे काढून टाकायला सांगताहेत, तोच त्या दुकानाचा खरा भाग आहे.

दुसरा आक्षेप होता की बाईमाणसाने फुंकणी घेऊन बसणं शोभत नाही. तो मला फार वेळ घ्यावासा वाटत नाही. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हुपरीला जाऊन या. चांदीच्या पैंजणांचं गाव. तिथे आपले दिगंबर बंधू-भगिनी मोठ्या संख्येने आहेत. घरोघरी बायका कड्या जोडतात, घुंगरं बसवतात, संसार आणि धंदा एकाच ओसरीवर चालतो. बायकांनी हे काम करायचं नाही असं तिथे कुणी म्हणत नाही. फक्त दुकानाच्या पाटीवर त्यांचं नाव येत नाही. म्हणजे हात चालतात, नाव चालत नाही. आपल्या पालघर जिल्ह्यातही चिंचणी-वाणगावकडे दागिन्यांचे डाय कोरणारे कारागीर आहेत. कला आपल्या अंगणापर्यंत आलेली आहे, उंबरा ओलांडायचा राहिलाय.

सोनारांनीसुद्धा ही कला मुलींना शिकवली नाही, कारण मुलगी परक्या घरी जाणार आणि घराण्याची हातोटी तिच्याबरोबर जाणार. मग मुलांनीही सोडली. माझ्या लहानपणी आई सांगायची, जानेवारी 1963 मध्ये सुवर्ण नियंत्रण आलं, 14 कॅरेटच्या वरचा दागिना घडवायला बंदी झाली, आणि गावचा सोनार हातावर हात धरून बसला. देशभर कित्येक सोनार देशोधडीला लागले, काहींनी जीव दिला. पुढे 1968 चा कायदा, तो उठला थेट 1990 मध्ये. तोवर कितीतरी घरांतली ऐरण माळ्यावर गेली होती. आज कोपऱ्यावरचा सोनार शोधून सापडत नाही. कानातल्याचा फासा तुटला तर मोठं दुकान म्हणतं, "हे देऊन टाका, नवीन घ्या." आपल्याकडे म्हण आहे, सोनारानेच कान टोचावेत. पण टोचायला सोनार हवा ना!

आता अपरिग्रहाचं. एक मैत्रीण म्हणाली, "तू एवढी धर्माची बाजू घेतेस आणि सोन्याचं दुकान काढायला सांगतेस?" तिचा प्रश्न मला झोंबला, कारण तो खरा आहे. पाचव्या व्रतात परिग्रहाचे जे प्रकार मोजले आहेत त्यात सोन्याचं वेगळं नाव घेतलेलं आहे, आणि त्याला परिमाण बांधायला सांगितलंय. मी माझं बांधलंय, ग्रॅममध्ये, वहीत लिहून. पण परिमाण बांधलेल्या बाईला कसला सोनार लागतो ते बघा. तिला नवीन घ्यायचं नसतं. आहे तेच दुरुस्त करायचं असतं, आजीचा हार दोन नातींत वाटायचा असतो, घट्ट झालेली अंगठी सैल करायची असते. हे काम कारखान्यात होतं, शोरूममध्ये नाही. शोरूमला नवं विकायचं असतं. कारखाना जुन्याला पुन्हा जीव देतो. अपरिग्रहाच्या बाजूने मत द्यायचं तर मी कारखान्यालाच देईन.

तिने स्वतःहून ज्या मर्यादा ठरवल्यात त्या ऐकून मला भरून आलं. सूर्यास्तानंतर शेगडी बंद, कारण दिव्यावर जीव येतात. लग्नसराई असो वा नसो. खिडक्यांना बारीक जाळी. कोळसा नाही, विजेची भट्टी, आणि जमेल तिथे लेझरने डाग. कॅडमियम दारात नाही. तेजाब तसंच मोरीत ओतायचं नाही, आधी त्याचा जोर मारायचा. पर्युषणाचे आठही दिवस भट्टी थंड, पुढे हिशेब आणि विक्रीसुद्धा बंद. चातुर्मासात तिने हे महासतीजींपुढे मांडलं होतं. सावद्य कामाला साध्वीजी हो म्हणत नाहीत आणि म्हणूही नयेत. त्यांनी विवेक ठेवायला आणि मर्यादा वाढवत न्यायला सांगितलं. सांगा, झवेरी बाजारच्या माळ्यावर कुणी सूर्यास्ताला भट्टी विझवतं का? तीच बांगडी तिच्याकडे घडली तर हिंसा कमी झाली की वाढली?

आता जरा पैशाचं, कारण नुसत्या आशीर्वादावर गाळ्याचं भाडं भरत नाही. तिला मी सांगितलं तेच तुमच्यापैकी कुणाची लेक-सून असं काही करत असेल तर तिच्यासाठी लिहिते.

पहिलं, स्वतःचे दागिने मोडून माल भरायचा नाही. सुरुवात मजुरीच्या कामाने आणि दुरुस्तीने करायची. सोनं गिऱ्हाइकाचं, हात आपला. सोनं दहा ग्रॅमला लाखाच्या वर गेलेल्या काळात शोकेस भरून माल ठेवणं म्हणजे रात्रीची झोप गहाण टाकणं.

दुसरं, 17 सप्टेंबर 2023 ला सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेत 18 कारागिरांत सोनारही आहे. प्रशिक्षण, हत्यारांसाठी 15 हजार रुपये, आणि 5 टक्के व्याजाने आधी 1 लाख, ते फेडलं की 2 लाख. घरातल्या एकालाच मिळतं, तेव्हा अर्ज तिच्याच नावाने व्हावा.

तिसरं, हॉलमार्क. 23 जून 2021 पासून तो सक्तीचा होत गेला, आणि 1 एप्रिल 2023 पासून सहा अंक-अक्षरांचा एचयूआयडी असल्याशिवाय हॉलमार्कचा दागिना विकता येत नाही. वर्षाला 40 लाखांपर्यंत उलाढाल असलेल्या सराफाला यातून सूट आहे. पण हिशेब करा, आजच्या भावाने 40 लाख म्हणजे वर्षाला 400 ग्रॅमही नाहीत. दुकान जरा चाललं की सूट संपली. आणि सूट असली तरी ती घेऊ नये असं माझं मत. एका दागिन्याला 45 रुपये अधिक कर, एवढाच तर खर्च. त्या 45 रुपयांत गिऱ्हाइकाला बीआयएस केअर ॲपवर स्वतः तपासता येतं. कस कमी निघाला तर फरकाच्या दुप्पट भरपाई मागता येते. 1994 ला माझ्याकडे असं काही असतं तर?

चौथं, घडणावळ आणि घट पावतीवर वेगवेगळी लिहायची. 'सगळं धरून' हा शब्द दुकानात उच्चारायचा नाही. आणि कारखान्यातला केर विकायचा तर त्याचाही हिशेब. झारेकरी त्या केरातून सोनं काढतात, म्हणजे तो केर नाही, माल आहे.

पाचवं, शेगडी राहत्या इमारतीत नको. गाळा वेगळा, वीज वेगळी, आगीची आणि महापालिकेची परवानगी रीतसर. आपल्या कलेसाठी वरच्या मजल्यावरच्या लेकराला धूर नको.

हे सगळं तिला सांगून झाल्यावर ती म्हणाली, "काकी, कागद सगळे जमतील. समाज काय म्हणेल तेवढंच कळत नाही."

तेव्हा मी पुढच्या रविवारी मंडळात सामायिक झाल्यावर माझं म्हणणं मांडलं, जे आज इथे लिहिलं तेच. मावशी शेवटपर्यंत ऐकत होत्या. म्हणाल्या, "तू बोललीस ते पटलं असं नाही. पण मी इंगालकम्मे म्हणते तेव्हा हातातल्या बांगड्यांकडे कधी बघितलं नव्हतं, हे खरं." मला तेवढं पुरे. मावशींनी बारा व्रतं घेतली आहेत, त्यांनी शेगडीपासून लांबच राहावं. तो त्यांचा मार्ग आणि तो वरचा. पण ज्यांच्या कपाटात सोनं आहे आणि ज्या ते घालून मिरवतात, त्या आपण तिला 'आपल्यात सोनारकी नाही' असं कोणत्या तोंडाने सांगायचं?

माझ्याकडे त्या 60 ग्रॅमच्या पाटल्यांतून झालेल्या बांगड्यांपैकी एक आहे. नणंदेने सासूबाई गेल्यावर ती मला परत दिली, आईची आठवण म्हणून. तिचा टाका सुटलाय, कित्येक वर्षं तशीच डब्यात पडून आहे. मी ती कुठेच दुरुस्तीला दिली नाही. तिला सांगून ठेवलंय, तुझी काच बसली की पहिलं काम माझं. मी बाहेर खुर्चीवर बसणार आणि बघणार.

जिनाज्ञेच्या विरुद्ध काही लिहिलं गेलं असेल, मोठ्यांचं मन दुखावलं असेल, तर मन-वचन-कायेने मिच्छामि दुक्कडम्.